चहा सांडला नव्हता

तुमची आणि तुमच्या जोडीदाराची पहिली भेट कशी झाली असं कुणी विचारलं, तर सांगताना तुम्ही त्यातलं काय गाळता?

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग शुभदाकाकूचा आहे. न्यूझीलंडमधल्या अल्बनीच्या हॉलमध्ये दर महिन्याला ती स्वतःच्या प्रेमकथा वाचून दाखवायची आणि आलेल्या प्रत्येकाला हे विचारायची. दुसरा अर्धा भाग माझा. तो मी तिला विचारला होता. उत्तर न देता ती गेली. म्हणून तिची कथा ज्या अंकात छापली आहे त्याच अंकात, तिच्या कथेनंतरच्या पानावर, मी तो पुन्हा विचारते आहे.

काकू, तुला जाऊन महिनाही झालेला नाही आणि तुझ्याबद्दल जो तो गोड बोलतो आहे. मी बोलणार नाही. लग्नाआधीच तू मला बजावलं होतंस, "सासूबाई म्हणायचं नाही. काकू म्हण आणि तू म्हण." तेव्हा मला अवघड गेलं होतं. आता बरं वाटतं. तुम्ही म्हणून भांडता येत नाही.

तुझ्या अंत्यविधीला दारातच एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मी त्यांना ओळखत नव्हते. "तूच ना ती चहावाली सून? निहारने तुझ्या आईच्या साडीवर चहा सांडला आणि तिथेच जमलं म्हणे तुमचं! किती गोड भेट गं!" त्या रडायला लागल्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी मात्र त्या क्षणी आटलं. परक्या बाईने मला माझीच पहिली भेट सांगितली होती, आणि ती खोटी होती. माझ्या आईच्या साडीवर कधीही चहा सांडलेला नाही.

ते मी गिळलं. मग निहार बोलायला उभा राहिला. तुझा मुलगा, माझा नवरा, त्या भेटीचा एकमेव साक्षीदार ज्याच्यावर माझी भिस्त होती. तो तुझ्या शवपेटीवर हात ठेवून म्हणाला, "अँड दॅट डे, देअर वॉज टी एव्हरीव्हेअर." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले.

परत येताना गाडीत मी विचारलं, "निहार, चहा सांडला होता?"

"संघमित्रा, प्लीज. आज नको."

"एवढंच सांग. सांडला होता?"

"आय डोन्ट नो. मे बी? मम टोल्ड इट सो मेनी टाइम्स."

तुझ्या जाण्याने मला जे दुःख झालं त्यात हे मिसळलं आहे, काकू, आणि आता ते वेगळं काढता येत नाही. तू गेलीस, आणि जाताना त्याची आठवण बदलून गेलीस.

लोकांना सगळं पहिल्यापासून सांगते. त्यांना तुझीच गोष्ट माहीत आहे.

आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा जयंतीच्या गर्दीत ती वाटायचे आणि मी आदल्या दिवशी त्यांच्या घड्या घालायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत येतो, कारण वाचणारा चालता चालता वाचत असतो. त्यामुळे मी जेव्हा तुझ्या कथा ऐकायला आले, तेव्हा मला तुझी पद्धत सहनच होईना. पंधरा मिनिटं नायिका बसची वाट बघते. मग बस चुकते. मग त्याची छत्री आणि हिची छत्री बदलते. मग कळतं की दोघं एकाच इमारतीत काम करतात. अगं, ती सरळ जाऊन बोलत का नाही?

पण हॉल भरलेला असायचा. मुलांकडे राहायला आलेले आईवडील, दिवसभर परक्या घरांत टीव्हीचा आवाज बारीक ठेवून बसणारे. तू त्यांना तुझ्या गाडीतून एकेकाच्या दारातून उचलून आणायचीस. हे मी नाकारणार नाही. आणि तुझी ती रीत: वाचन संपलं की एका जोडप्याने उठून आपली पहिली भेट सांगायची. पुढच्या महिन्यात तिची कथा व्हायची.

एका आजी उठल्या होत्या, आठवतं? "मी मान खाली घालून बसले होते. मला ह्यांचे पायच दिसले. चेहरा थेट लग्नात बघितला."

आजोबा मागून म्हणाले, "आणि तोवर उशीर झाला होता."

"तुम्ही गप बसा. पाय बरे होते म्हणून हो म्हटलं."

पुढच्या महिन्यात तू काय केलंस! तुझी नायिका ताकापुनाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वाकून शिंपले वेचते आहे आणि तिला फक्त एका मुलाचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले पाय दिसतात. आठवडाभर ती गावभर लोकांचे पाय बघत हिंडते. त्या आजी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या आणि आजोबा आपले बूट खुर्चीखाली लपवत होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांना तू उशिरा का होईना एक पहिली भेट दिलीस. त्या दिवशी मी पण टाळ्या वाजवल्या. मनापासून.

म्हणूनच मी माझ्या आईला घेऊन आले. आई परभणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे आली होती. मी ईस्ट टामाकीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत दिवसभर, आणि ती घरात एकटी. म्हटलं, चार माणसांत बसेल. ती निळी साडी नेसली. हॉलच्या दारात तिने चपला काढल्या, खरं तर तिथे कुणीच काढत नाही, आणि हात जोडून, वर्गात शिरल्यासारखी, खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम."

काकू, तू दारापासून दोन हातांवर होतीस. मी तुझा चेहरा पाहिला. तुझ्या मागे अख्खा हॉल होता, सगळे आधीच वळून बघत होते. एका बाईंना तेवढ्यात फोनमध्ये काहीतरी सापडलं. एक गृहस्थ छताकडे बघायला लागले. कुणी दुष्टपणा केला नाही. फक्त कुणीच काही म्हणालं नाही. जोडलेले हात घेऊन माझी आई उभी राहिली.

आणि मग तू, हॉलची मालकीण, हसून टाळी वाजवलीस. "किया ओरा, किया ओरा! या, या, बसा!" सगळे सुटल्यासारखे हसले.

या देशात ते माओरी अभिवादन आपल्या सगळ्यांना किती सहज येतं. बँकेत म्हणतो, दवाखान्यात म्हणतो, ईमेलच्या सुरुवातीला लिहितो. ज्यांच्या भूमीवर येऊन राहिलो त्यांचा मान ठेवतो म्हणून स्वतःवर खूश असतो. त्या दिवशी तू ते उसनं घेऊन माझ्या आईच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवलंस.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक मुलगा वाकला. बाह्या वर केलेल्या, हात ओले, पायात जँडल्स. त्याला दार दिसत होतं, तुमचे चेहरे दिसत नव्हते. तो म्हणाला, "जय भीम, आंटी. शुगर किती?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिची साखर कधीच बंद केली होती. ती म्हणाली, "दोन चमचे."

ही माझी आणि निहारची पहिली भेट. एवढीच.

नंतर मी कप विसळायला आत गेले आणि त्याला विचारलं, "तू काय म्हणालास ते तुला माहीत आहे?"

"शी सेड इट, सो आय सेड इट बॅक. राँग होतं का?"

त्याने मला सांगितलं की लहानपणी शाळेत हजेरी घेताना बाई रोज वेगळ्या भाषेत अभिवादन करायच्या आणि मुलांनी तेच उलट म्हणायचं. किया ओरा म्हटलं की किया ओरा. तालोफा म्हटलं की तालोफा. नी हाओ म्हटलं की नी हाओ. त्याला वाटलं हे त्यातलंच एखादं. "मीन्स व्हॉट?" त्याने विचारलं.

"घरी जाऊन आईला विचार," मी म्हणाले. हे मी मुद्दाम म्हणाले, काकू. मला तुझं उत्तर हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने मला फोन केला. कॉफीला येतेस का विचारायला. मी आधी तुझं उत्तर मागितलं. "मम सेड इट्स हाऊ सम पीपल से हॅलो."

कोण गं ते सम पीपल? मराठी शाळेत शिकलेली तू, या विषयावर तुला मुलाला द्यायला दोन इंग्रजी शब्द सापडले. पुढचं सगळं मी त्याला सांगितलं, त्या कॉफीला आणि नंतरच्या अनेक कॉफ्यांना. तो ऐकत गेला. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि एकदाही छताकडे बघितलं नाही. मी प्रेमात पडले ती अशी.

मग तू 'सांडलेला चहा' लिहिलीस. आम्हाला न सांगता. भरल्या हॉलमध्ये वाचलीस, आई पहिल्या रांगेत बसलेली असताना. नायिकेचं नाव मीरा. "संघमित्रा फार लांब होतं गं, कथेत बसत नाही." मीराची आई दारात येते, सगळ्यांना "नमस्कार" म्हणते, सगळे "नमस्कार, नमस्कार" म्हणतात. मग नायक ट्रे घेऊन येतो, अडखळतो, चहा तिच्या साडीवर. मीरा रागावते, तो रुमाल देतो, नजरानजर. हॉल टाळ्यांनी दणाणला.

घरी जाताना पुलावर गाडी रखडली होती. आई म्हणाली, "त्या गोष्टीतली आई मीच का गं?"

"हो."

"मग मी नमस्कार कशाला म्हणाले?"



पूल ओलांडल्यावर तीच म्हणाली, "आणि चहा कुठं सांडला? चांगला केला होता लेकराने."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात होते. तू भाजी चिरत होतीस. तुझ्या माझ्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्या ओट्यापाशी झालं, आणि ते अजून संपलेलं नाही.

"अगं, तिथे वाचणारा अडखळतो," तू म्हणालीस. "माणसं प्रेमकथा ऐकायच्या मूडमध्ये असतात. एकदम तो विषय आला की..."

"कोणता विषय? माझी आई दारातून आत येते, हा विषय?"

"संघमित्रा, प्रत्येक गोष्टीचं पत्रक नको करूस गं."

"आणि तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी सांडू नकोस. छत्र्या बदलतात, बस चुकते, चहा सांडतो. तुझी माणसं आपणहून एकमेकांशी बोलतच नाहीत. माहीत आहे का? तुझ्या एकाही कथेत कुणाला आडनाव नाही. आडनाव न विचारता दोन माणसं जवळ यायची तर काहीतरी सांडावंच लागतं, हे तुलाही पक्कं ठाऊक आहे."

तू सुरी खाली ठेवलीस. "मी कुणाला दुखवलेलं नाही."

"दुखवलं नाहीस. पुसलंस. आणि काय पुसलंस ते तरी बघ. तुझ्याच मुलाने त्या दिवशी जे केलं त्याच्या जवळपास जाणारं काही तुझ्या एकाही नायकाने केलेलं नाही. तू त्याला वेंधळा केलंस."

तू मग ते म्हणालीस, जे मला अजून टोचतं. "तुझ्या पत्रकांत कुणी कुणाला चहा विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. तुझी माणसं एकमेकांना नुसती भाषणं देतात. पाच मिनिटं भेटा म्हणावं त्यांना."

मला हसू आलं. तुलाही आलं. तू मला जेवायला वाढलंस. तू अशीच मला हरवायचीस, आणि आपण हरलो हे मला पुलापलीकडे पोहोचल्यावर कळायचं. तू माझ्याशी वाईट वागली असतीस तर किती सोपं झालं असतं. तू माझ्या लग्नात माझ्या आईला आपल्या शेजारी बसवलंस, तिला ताई म्हणालीस, तिच्या पायाला थंडी वाजते म्हणून स्वतःचे मोजे काढून दिलेस. आणि मग उठून, माइक हातात घेऊन, सांडलेल्या चहाची गोष्ट खरी म्हणून सांगितलीस.

निहार तेव्हा ओरडला होता, "द टी वॉज फाइन, मम!" सगळे हसले. तेव्हा त्याला आठवत होतं.

मी एकदा तुझी पहिली भेट विचारली होती. तू खांदे उडवलेस. "आमचं काय? पाहायला आले. दहा मिनिटं. त्यांनी विचारलं, न्यूझीलंडला यायची तयारी आहे का? मी विचारलं, थंडी असते का? झालं." तुला एवढी सांडलवंड का लागायची ते मला त्या दिवशी कळलं, आणि वाईटही वाटलं. पण तुझी भेट कोरडी होती म्हणून माझ्या भेटीवर चहा ओतायचा हक्क तुला मिळत नाही.

शेवटच्या दिवसांत मी वेलिंग्टनची नोकरी नाकारून तुझ्याजवळ थांबले. हे उपकार म्हणून सांगत नाही. मला तू हवी होतीस. उशा नीट करताना, पाणी पाजताना आपण त्याच वादावर यायचो. एकदा आई परभणीहून व्हिडिओ कॉलवर होती. नेहमीसारखी म्हणाली, "जय भीम, ताई. बरं आहे का?" तू किती प्रेमाने म्हणालीस, "नमस्कार ताई. तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं." तुझ्या प्रेमात काही खोट नव्हती. आणि तरी तो एक शब्द नाही निघाला. आई कॉल ठेवून भांडी घासायला गेली असेल. तिला सवय आहे.

मी म्हणाले, "काकू, कथेत तरी बदल."

"बदलते गं. जरा बरं वाटू दे."

"एकच शब्द आहे. आत्ता सांग, मी बदलते."

तू डोळे मिटलेस. "तू बदललंस तर ती माझी कथा कशी राहील?"

हे तुझं शेवटचं म्हणणं, या वादातलं. आणि काकू, ते बरोबर होतं. तू गेल्यावर संपादकांनी मला 'सांडलेला चहा'ची मुद्रितं तपासायला दिली. एक शब्द खोडून दुसरा लिहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. सगळे म्हणाले असते, बघा, शुभदाताई किती मोठ्या मनाच्या. मी तसं केलं नाही. जे तू म्हटलं नाहीस ते तू म्हटलंस असं मी लोकांना सांगणार नाही. तू माझ्या आईच्या बाबतीत जे केलंस ते मी तुझ्या बाबतीत करणार नाही. तुझी कथा तू लिहिलीस तशीच छापली आहे, 'नमस्कार' सकट, आणि ती तशीच वाचली जाईल.

मला तुझी आठवण येते. भाजी चिरताना येते. कुणी छत्री विसरलं की येते. तू आत्ता माझ्यासमोर असतीस तर मी याच आवाजात भांडले असते आणि तू मध्येच म्हणाली असतीस, "आधी जेव." तुझ्या मुलाला मी रोज थोडं थोडं आठवायला लावते आहे. परवा त्याला खिडकी आठवली. काल म्हणाला, "युअर मम वॉन्टेड टू शुगर्स, राइट?" मी त्याला काही सुचवलं नव्हतं. पण एकट्याच्या आठवणीवर हे टिकणार नाही, हे तू मला शिकवलंस. भरल्या हॉलमध्ये जे म्हटलं जातं तेच उरतं.

म्हणून आता तुझ्याकडून वळते आणि वाचकांशी बोलते.

या महिन्याचं कथावाचन काकूच्या आठवणीत त्याच हॉलमध्ये होणार आहे. 'सांडलेला चहा' वाचली जाईल. माझी आई परत आली आहे आणि ती येणार आहे, कारण काकू तिला मैत्रीण वाटायची. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा तिथे बसलेले होतात, कोण कुठे बघत होतं तेही मला आठवतं. ती दारात थांबेल, चपला काढेल, हात जोडेल आणि नेहमी म्हणते तेच म्हणेल. त्या वेळी फोन बाजूला ठेवा. छताकडे बघू नका. तिने जे म्हटलं तेच तिला परत म्हणा, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि खिडकीतून निहारने वाकून बघायच्या आधी म्हणा.